गुळाला शुद्ध कोण म्हणतंय?

आमच्या गल्लीच्या तोंडाला एका दुकानावर पाटी आहे : 'शुद्ध गूळ मिळेल.' इतकी वर्षं ती वाचतोय, कधी काही खटकलं नाही. परवा नववीतली लेक बरोबर होती. पाटीकडे बघून म्हणाली, "बाबा, गूळ शुद्ध कसा असेल? ते मिश्रण आहे." दुकानदारानं मान वर केली. मी मुकाट्यानं ढेप घेऊन निघालो.

पुस्तकाच्या हिशेबानं पोरीचं बरोबर आहे. शुद्ध पदार्थ म्हणजे एकच मूलद्रव्य नाहीतर एकच संयुग. शुद्ध बर्फ बरोबर 0 अंशाला वितळतो, त्यात मीठ शिरलं की आधीच ढिला पडतो. या परीक्षेत आमच्या कोल्हापुरात गंगावेशीतल्या कट्ट्यावर डोळ्यांदेखत धार काढून मिळालेलं दूधही नापास! पाणी, चरबी, प्रथिनं, लॅक्टोज, सगळी खिचडी. गुजरीतल्या सराफाकडचा 22 कॅरेटचा साजसुद्धा साधारण 92 टक्केच सोनं. पास होते ती साखर, 99 टक्क्यांच्या वर निव्वळ सुक्रोज. म्हणूनच बहुतेक तिला नुसता गोडवा आहे, चव नाही.

मामाच्या गुऱ्हाळावर लहानपणी तासन्‌तास बसायचो. काहिलीत रस तापला की भेंडीचं पाणी पडायचं. त्याच्या बुळबुळीत चिकात घाण अडकून वर यायची आणि मळी झाऱ्यानं बाजूला जायची. आंबटपणा मारायला चिमटीनं चुना. म्हणजे रस स्वच्छ करायलाच त्यात दोन गोष्टी मिसळायच्या! मी विचारलं होतं, सगळीच घाण का काढत नाही? गुळव्या पाकाचा थेंब गार पाण्यात सोडून बोटांत गोळी वळत होता. न बघताच म्हणाला, "समदंच काढलं तर साखर हुईल की रं."

आता गिऱ्हाइकाला गूळ पिवळाधमक लागतो, म्हणून काही ठिकाणी हायड्रोस नावाचं रसायन टाकून रंग उतरवतात. काळपट ढेप मात्र 'अशुद्ध' म्हणून मागं सरते. घ्या!

लेकीचा पुढचा धडा फॉर्म्युलेशनचा. ठरलेल्या कामासाठी ठरलेल्या मापानं केलेलं मिश्रण. रंग, खत, औषधाची गोळी. 500 मिलिग्रॅम पॅरासिटामॉलची गोळी काट्यावर जास्तच भरते, कारण ती बांधायला स्टार्चसारखं काही घालावं लागतं. मी तिला म्हटलं, उदाहरण घरातच आहे, आज्जीबरोबर डंकावर, मिरच्या-मसाला कुटायच्या गिरणीवर, जा. आईची कांदा-लसूण चटणी : रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, मग खोबरं, तीळ, धणे. माप कागदावर कुठंच नाही, पण मीठ चिमूटभर कमी पडलं तर तिला वासावरून कळतं.

डंकावर आमच्या आधी कुणाची तरी हळद कुटून झाली होती. पहिली मूठ पिवळसर आली. लेक टाकायला निघाली, "आज्जी, ही अशुद्धी."

आईनं तिचा हात धरला. "टाकतीस कशाला गं? भाकरीसंगं मी खातो ती."