१८१२ सेकंदांचा हिरवा

सकाळी ११:२० ला गाडीतल्या पडद्यावर आकडा उमटला: हिरवा संपायला १८१२ सेकंद. आमची नजर खांबावरच्या दिव्यावर होती. बाराव्या सेकंदाला पिवळा लागला.

त्या दिवशी पुण्यातल्या आमच्या चाचणी आवारात दिवे चालवणारे आणि त्यांची वेळ रेडिओवरून गाडीला कळवणारे, दोन निरनिराळ्या बनावटींचे सिग्नल कंट्रोलर साठ मीटर अंतरावर उभे केले होते. मुद्दामच निरनिराळे, कारण इथे रस्ता एकच असतो आणि हद्द बदलते. हॅरिस पुलाच्या अलीकडे बोपोडी पुणे महापालिकेत, पलीकडे दापोडी पिंपरी-चिंचवडमध्ये. पोलीस आयुक्तालयंही २०१८ पासून दोन. पूल ओलांडणाऱ्या गाडीला मात्र दोन्ही काठांवर एकच भाषा लागते.

सिग्नल गाडीला सेकंदाला दहा वेळा ‘स्पॅट’ संदेश पाठवतो: कुठली दिशा हिरवी, कधी संपणार. यातला ‘कधी’ उरलेल्या सेकंदांत जात नाही. चालू तासातला क्षण सेकंदाच्या दहाव्या भागात मोजून पाठवतात, ० ते ३६०००, आणि तोही यूटीसीनुसार, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेनुसार. आपले ११:२० म्हणजे तिथले ५:५०. ५० मिनिटं १२ सेकंदांचा आकडा ३०१२० हवा होता, आला २० मिनिटं १२ सेकंदांचा १२१२०. कंट्रोलरने भारतीय वेळ भरली होती. गाडीच्या घड्याळात ३०००० झाले होते, म्हणून तिने हा क्षण पुढच्या तासातला धरला. ज्या देशांचं घड्याळ यूटीसीपासून पूर्ण तासांनी पुढेमागे असतं, तिथे मिनिटं जुळतात आणि ही चूक वर्षानुवर्षं दडून राहते. आपल्या साडेपाचमधल्या अर्ध्या तासाने ती पकडून दिली.

गाडीतच १८००० ची, म्हणजे अर्ध्या तासाची, दुरुस्ती करा, अशी सूचना लगेच आली. मी ती मानली नाही. शेजारचा खांब बरोबर वेळ सांगत होता. गाडीने त्याच्या आकड्यातही तोच फेरफार करून तो बिघडवला असता. दुरुस्ती कंट्रोलरमध्येच व्हायला हवी. तिथे वेळ थेट जीपीएसवरून उचलली, तर आकडा १८ सेकंदांनी पुढे गेला, कारण जीपीएसची वेळ यूटीसीच्या तेवढी पुढे असते. ते वजा केले आणि दिवा-पडदा जुळले.

दुपारचा प्रकार जास्त धोक्याचा होता. दोन्ही खांब एकदम चालू केले आणि लाल दिव्यापुढे उभ्या गाडीला हिरवा दिसायला लागला. दोन्ही चौकांचा क्रमांक ३०१, आणि चौक कुठल्या यंत्रणेचा ते सांगणारा विभाग क्रमांक दोघांचाही शून्य, जो चाचणीपुरताच राखीव आहे. चौकाचा नकाशा वेगळ्या ‘मॅप’ संदेशात येतो आणि गाडी दोन्ही संदेश याच क्रमांकांवरून जोडते. तिने या चौकाच्या नकाशाला त्या चौकाचा हिरवा लावला. विभाग वेगळे दिले आणि घोळ थांबला.

रेडिओ काही शे मीटर सहज पोचतो, नदीपलीकडेही. म्हणून दोन महापालिका, तीन कॅन्टोन्मेंट बोर्ड आणि महामार्गांच्या यंत्रणा या सगळ्यांच्या क्रमांकांची नोंदवही एकाच हाती हवी, आणि पहिला खांब उभा राहण्याआधी हवी.

नवा कंट्रोलर आला की आता आम्ही तो ११:२८ ते ११:३२ चालवून बघतो. साडेअकराला यूटीसीचा तास बदलतो. आकडा ३६००० जवळून शून्यावर आला तरच कंट्रोलर पास.