लॉट खराब नव्हता

टीजीएफ-बीटा वन, म्हणजे पेशींना इशारा देणारं एक प्रोटीन. त्याची १० मायक्रोग्रॅमची व्हायल (छोटी बाटली); किंमत विचारू नका. शहरातल्याच दुसऱ्या लॅबची एक विद्यार्थिनी आमच्या औंधच्या कल्चर लॅबमध्ये आली ती वैतागूनच. "मॅडम, लॉटच खराब आहे. ५ नॅनोग्रॅम प्रति मिली देऊन ७२ तास झाले, तरी फायब्रोब्लास्टमध्ये अल्फा-एसएमए वाढत नाही. कंपनीला मेल टाकू?" फायब्रोब्लास्ट म्हणजे संयोजी ऊतकातल्या पेशी; टीजीएफ-बीटा मिळालं की त्यांच्यात अल्फा-एसएमए हे आकुंचनाचं प्रोटीन वाढायला हवं.

मी विचारलं, पावडर विरघळवलीस कशात? पीबीएसमध्ये, म्हणजे न्यूट्रल पीएचच्या खारट बफरमध्ये. वर 'स्टराइल असावं म्हणून' ०.२२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळलेली! हे प्रोटीन न्यूट्रल पीएचला नीट विरघळत नाही आणि प्लास्टिक दिसेल तिथे चिकटतं. ५०० मायक्रोलिटरमध्ये सगळं मिळून १० मायक्रोग्रॅम, त्यात बीएसए (चिकटायच्या जागा आधीच व्यापणारं गायीच्या रक्तातलं प्रोटीन) नाही. फिल्टरच्या पडद्यावरच ते संपतं.

नॅनोड्रॉपवर (प्रकाश किती शोषला जातो त्यावरून प्रोटीन मोजणारं यंत्र) मोजू या, असं कुणीतरी सुचवलंच. २० मायक्रोग्रॅम प्रति मिली त्या यंत्राला जेमतेम दिसतं, आणि बीएसए घातलं की आकडा बीएसएचा येतो. त्यापेक्षा पेशींनाच विचारावं, आणि त्याला ७२ तास लागत नाहीत.

त्याच लॉटची न उघडलेली व्हायल तिच्याकडे होती. आधी ती सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली, कारण पावडर झाकणाला चिकटलेली असते आणि डोळ्यांना दिसतही नाही. मग तिच्यात ४ मिलीमोलर एचसीएल (हायड्रोक्लोरिक आम्ल) अधिक १ मिलिग्रॅम प्रति मिली बीएसए. व्होर्टेक्सवर जोरात घुसळायची नाही, नुसती हलक्या हाताने फिरवायची. पेशी रात्रभर ०.५ टक्के सीरमवर ठेवलेल्या, कारण सीरममध्येही टीजीएफ-बीटा असतं. तासाभराचा डोस, मग पेशी फोडून केलेलं लायसेट, मग हवं ते प्रोटीन पट्ट्याच्या (बँडच्या) रूपात दाखवणारा वेस्टर्न ब्लॉट. टीजीएफ-बीटाचा इशारा पोचला की पेशीतल्या स्मॅड२ या प्रोटीनला फॉस्फेट लागतं. त्या फॉस्फो-स्मॅड२ चा बँड ६० किलोडाल्टनच्या आसपास: नव्या व्हायलच्या लेनमध्ये ठसठशीत, गाळलेल्या स्टॉकची लेन थेट अनट्रीटेडसारखी कोरी. टोटल स्मॅड२ (फॉस्फेट असो वा नसो, एकूण) सगळीकडे सारखं. मेल टाकायचा प्रश्न मिटला.

गाळायचं असेल तर आधी द्रावण गाळा, प्रोटीन घातल्यावर नाही. १०० मिली पाण्यात १२ मोलर एचसीएल ३३ मायक्रोलिटर, बीएसए १०० मिलिग्रॅम, मग फिल्टर, आणि त्यातलं ५०० मायक्रोलिटर व्हायलमध्ये. १० मिली मीडियमला या स्टॉकचे अडीच मायक्रोलिटर पुरतात, त्यामुळे आम्लाची भीती नको. उरलेलं लगेच लो-बाइंडिंग (प्रोटीन कमी चिकटणाऱ्या) ट्यूबमध्ये थोडं थोडं वाटून उणे ८० ला. वितळलेली ट्यूब परत गोठवायची नाही. आणि फ्रीझर जनरेटरच्या लाइनवर आहे ना, ते बघून घ्या. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते.