माळ पडीक नसतो

सासवडहून जेजुरीकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माळ लागतो. हिवाळ्यात नुसतं पिवळं गवत. सोबतचे लोक म्हणतात, 'इथे काय बघायचं?' मी त्यांना विजेच्या तारेकडे बघायला सांगते. तिथे कापशी असते, छोटा शिकारी पक्षी. पांढरीशुभ्र, खांद्यावर काळा डाग, डोळे लालभडक.

उंदराचा माग लागला की ती तार सोडते आणि गवतावर येऊन हवेतच थांबते. पंख भराभर हलतात, मान मात्र अजिबात हलत नाही, नजर खाली खिळलेली. मग पंख पाठीवर उंच धरून, पाय लोंबते सोडून ती थोडी खाली येते, पुन्हा थांबते, पुन्हा खाली येते. शेवटचा टप्पा मात्र दगड टाकल्यासारखा. माळावर उंच फांद्या कुठून असणार? पहाऱ्याची जागा तिला हवेतच करावी लागते.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीतल्या शिक्र्याला, हाही शिकारी पक्षीच, असं काही जमणार नाही आणि त्याला गरजही नाही. आखूड, गोलसर पंख आणि लांब शेपटी, म्हणजे दाट झाडांतून सुसाट वळायची सगळी सोय. आंब्याच्या पानांत दबा धरून बसतो. तो दिसायच्या आधी खारींचा चिरचिराट ऐकू येतो. (पावशा दिसायला हुबेहूब त्याच्यासारखा, त्यामुळे छोटे पक्षी त्यालाही घाबरून कालवा करतात.) घारीबद्दल तर बोलायलाच नको. मुठेकाठचा कचरा असो की मटणाच्या दुकानामागची आतडी, तिचं सगळ्यावर भागतं. भिगवणला उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात ऑस्प्रे हा मासे पकडणारा शिकारी पक्षी येतो. त्याचं बाहेरचं बोट मागे वळतं आणि तळपायाला काटेरी खवले असतात, म्हणून बुळबुळीत मासा निसटत नाही.

शहर वाढलं तरी घार आणि शिक्रा निभावून नेतील. मला काळजी आहे ती माळावरच्यांची. सरकारी नोंदीत असे कितीतरी माळ 'पडीक' म्हणून लागतात, आणि पावसाळा आला की तिथे खड्डे खणून रोपं लावली जातात. लावणाऱ्यांच्या मनात चांगलंच असतं. पण गवतावर सावली धरली की गवत जातं, त्यातले टोळ आणि उंदीर जातात, आणि मग कापशीला खाली बघण्यासारखं काही उरत नाही. झाडं रस्त्याच्या कडेला लावा, शाळेच्या आवारात लावा. माळ माळच राहू द्या.

हिवाळ्यात जाणार असाल तर एवढं कराच: गाडी डांबरी रस्त्यावर ठेवा, फोटोसाठीसुद्धा गवतात घालू नका. मध्य आशियातून आलेले भोवत्ये, म्हणजे हॅरियर जातीचे शिकारी पक्षी, दिवसभर गवतालगत उडत टोळ टिपतात आणि अंधार पडला की त्याच गवतात, जमिनीवर झोपतात.