अण्णांची लेक

बाबांना चार भिंतींत करमत नसे. आठवडाभर एस.टी.च्या वर्कशॉपात ग्रीस आणि डिझेल, आणि रविवार उजाडला की डोंगर. पण एकटे कधीच गेले नाहीत. आई, आम्ही दोघी बहिणी, सुट्टीला आलेली मामेभावंडं, एकदा तर गुडघे धरलेली आत्यासुद्धा. राजगड, पुरंदर, सोनोरीचा मल्हारगड. जो सगळ्यात मागे पडेल त्याच्या चालीनं सगळ्यांनी चालायचं, हा त्यांचा नियम. पुढे पळणाऱ्याला ओरडत नसत. एखादं पान तोडून त्याच्या हातात देत. "चुरगळ, वास घे, आणि आम्ही येईपर्यंत नाव शोधून ठेव."

निवृत्त झाल्यावर ते माउलींच्या पालखीबरोबर चालू लागले. एरवी देवळात फारसे न जाणारे बाबा आळंदीहून पंढरपूरला निघाले, याचं आम्हाला नवल वाटायचं. गेल्या माघात ते गेले. आषाढी जवळ आली तशी मी त्यांच्याच दिंडीची भिशी, म्हणजे वाटेतल्या जेवणाखाण्याची वर्गणी, भरली आणि वळकटी ट्रकमध्ये टाकली.

पुणे ते सासवड हा वाटेतला सगळ्यात मोठा टप्पा, आणि त्यातच दिवे घाट. रथाला बैलांच्या जादा जोड्या जुंपतात. टाळांचा आवाज एका वळणावरून दुसऱ्या वळणावर चढत जातो, खाली मस्तानी तलाव दिसतो. घाटमाथ्यावर ढग हलले आणि मल्हारगडाचा तट दिसला. मराठ्यांनी बांधलेल्या गडांत हा शेवटचा, 1760 च्या सुमाराचा. हे मला बाबांनीच त्याच्या बुरुजावर बसून सांगितलं होतं. माझ्या शेजारी चालणाऱ्या आजी म्हणाल्या, "तुमच्यावानीच अण्णा हितं थांबायचे. अण्णांची लेक का गं तू?"

घरात बाबांना कोणी अण्णा म्हणत नव्हतं. पुढचे सगळे दिवस मी या अण्णांच्या गोष्टी ऐकत होते. अण्णा दिंडीच्या शेवटी चालायचे. अण्णा रात्री राहुटीत म्हाताऱ्यांच्या पायांना तेल लावायचे. पावशा ओरडला की ते हरिपाठ संपेपर्यंत दम धरायचे आणि मग तो कुठल्या झाडावर होता ते दाखवायचे. जेजुरीत पालखीवर भंडारा उधळला गेला तेव्हा एक काका पिवळे होऊन हसत माझ्याकडे आले. अण्णांनी त्यांना चष्मा पुसायला आपला रुमाल दिला होता, तो अजून त्यांच्याकडे आहे म्हणे. मी तो परत मागितला नाही.

मला सगळ्यात आवडली ती समाजआरती. मुक्कामाला पालखी तळावर विसावते, दिंड्या भोवती उभ्या राहतात, शेकडो टाळ-मृदंग एकदम वाजत असतात. चोपदार दंड उंचावून "होऽऽ" अशी आरोळी देतात आणि त्या अफाट मैदानावर शांतता पसरते. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तिथे जाऊन ऐकून घेतात. मग वाटेत सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात. पिशवी, पैशांचं पाकीट, कुणाचं घड्याळ. उद्या पालखी किती वाजता हलणार ते सांगतात, आणि मग आरती. लोणंदला आजींनी मला कोपरानं ढोसलं. "ह्यातलं किती तरी अण्णांनी आणून दिलेलं असायचं. शेवटी चालणाऱ्यालाच सापडतं की." इतकी शिस्त, आणि तीही कुणावर न डाफरता, मी आजवर एकाच माणसाच्या ठायी पाहिली होती.

नीरेत माउलींच्या पादुकांना स्नान झालं आणि आम्ही सातारा जिल्ह्यात आलो. चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण झालं, म्हणजे दुतर्फा उभ्या वारकऱ्यांच्या मधून घोडे धावले. पुढे पताका घेतलेल्या स्वाराचा घोडा आणि त्याच्या मागे माउलींचा, ज्याच्यावर कुणीच बसत नाही. टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं वाकली, मीही वाकले.

एक गोष्ट मात्र सलत राहिली. पालखीमार्ग चौपदरी करताना कितीतरी जुने वड गेले. आजी एका वळणावर भर उन्हात खाली बसल्या. "अण्णा सांगायचे, म्होरल्या वळणाला वड हाय, तिथं टेका." वड नव्हता, तरी त्या तिथेच टेकल्या. कडेला नवी रोपं लावली आहेत, पण त्यांची सावली पडेपर्यंत या आजी चालत असतील असं मला वाटत नाही. रस्ता हवाच होता, हे मला कळतं. पण वारी पायी चालतात, आणि पायी चालणाऱ्याला डांबराच्या रुंदीपेक्षा सावली जास्त लागते. बाबा असते तर त्यांनी ज्याला त्याला हे ऐकवलं असतं, म्हणून मी इथे लिहिते आहे.

वेळापूरच्या अलीकडे धावा. इथल्या टेकाडावरून तुकोबांना विठ्ठलाच्या देवळाचं शिखर दिसलं आणि ते पंढरीकडे धावत सुटले, असं सांगतात. सगळी दिंडी उतारावरून धावते. मीही धावले आणि खाली पोचल्यावर मोठ्यानं रडले. कुणी समजूत घातली नाही; एका बाईनं नुसती पाण्याची बाटली पुढे केली. माघापासून मी अशी रडले नव्हते.

एकादशीला चंद्रभागेत स्नान केलं. रांग फार मोठी होती, त्यामुळे आम्ही कळसाचं दर्शन घेतलं आणि मी वाळवंटातून आईला फोन लावला. तिनं आधी पाय कसे आहेत ते विचारलं, मग जेवण काय असतं, मग बायकांच्या राहुटीत जागा पुरते का. बाबांचं काहीच विचारलं नाही. शेवटी म्हणाली, "मला सासवड ते जेजुरी एवढं जमेल गं." विणेकरी बुवा शेजारीच होते. पुढच्या वर्षीच्या यादीत त्यांनी आईचं नाव माझ्यासमोरच लिहून घेतलं. त्या टप्प्याला दिंडीच्या शेवटी चालायचं, असं आजींचं आणि माझं ठरलं आहे.