स्टिकर मिळाला, सही मिळेना

मिशिगनमध्ये स्नोमोबिल, म्हणजे बर्फावर पट्ट्याने धावणारी गाडी, ट्रेलवर चालवायच्या परमिटला आम्हाला 52 डॉलर पडले. वाटेतल्या दुकानात कार्ड पुढे केलं, बाईंनी परमिटचा स्टिकर हातात ठेवला, संपलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण लांबच्या सफरीचा विषय निघाला की आपली मंडळी पहिल्यांदा पैशाचंच विचारतात. "दर राज्याचा वेगळा स्टिकर? म्हणजे लूटच की!" लूट वगैरे काही नाही. पैसे भरायला कोणीही, कधीही, कुठेही तयार असतं. माझा सगळा डिसेंबर आणि वर जानेवारीचा मोठा तुकडा गेला तो माझ्याच राज्यात, मिनेसोटात, रोख पैसे मोजून घेतलेली गाडी माझ्या नावावर करून घेण्यात.

बेत साधा होता. मिनियापोलिसहून गाड्या ट्रेलरवर घालून मिशिगनातलं आयर्नवूड गाठायचं. तिथून स्नोमोबिलवरूनच, मुक्काम करत करत, कीविनॉ द्वीपकल्पाच्या टोकाला कॉपर हार्बर आणि तसंच परत. सामान म्हणजे सीटमागे बांधलेल्या दोन बॅगांत मावेल तेवढं. कीविनॉच का, तर सुपीरियर सरोवरावरून येणारा वारा बाष्प घेऊन येतो आणि ते सगळं या द्वीपकल्पावर बर्फ होऊन पडतं. मोहॉकजवळ हायवेच्या कडेला बर्फ मोजायचा एक उंचच उंच फलक आहे. त्यावरचा विक्रम 1978-79 च्या हिवाळ्याचा, 390.4 इंच, म्हणजे जवळपास दहा मीटर. आदल्या वर्षी, 2023-24 मध्ये, आमच्याकडे हिवाळा आलाच नाही म्हणायला हरकत नाही. गाड्या गॅरेजमध्ये आणि आम्ही खिडकीत. त्यामुळे या वेळी बर्फाची त्यातल्या त्यात खात्री असेल तिथेच जायचं ठरलं.

बरोबर माझा एक मित्र, कोल्हापूरचा. त्याची स्लेड, म्हणजे स्नोमोबिलच, कोरी, डीलरकडून घेतलेली, सगळे कागद डीलरनेच केलेले. माझी पोलॅरिस कंपनीची, सेकंडहँड. फरक इथेच पडला.

आधी शुल्काचं गणित, कारण ते समजायला कठीण नाही, फक्त एका जागी लिहिलेलं सापडत नाही. मिनेसोटात गाडी ट्रेलवर चालवण्यासाठी नोंदवली की आपल्या राज्यातल्या ट्रेलचं शुल्क नोंदणीतच येतं. मिशिगनला बाहेरच्या राज्याची चालू नोंदणी चालते, पण त्यांचं परमिट वेगळं घ्यावंच लागतं. ते 1 ऑक्टोबर ते 30 सप्टेंबर चालतं. एक दिवस फिरा की सगळा हंगाम, किंमत तीच. विस्कॉन्सिनचा ट्रेल पास पुन्हा वेगळा, तिथे नोंदणी असलेल्यांनाही लागतो. त्यांच्या रहिवाशांचा हिशोब मला आवडला: स्थानिक क्लब आणि राज्य संघटनेचे सभासद असाल तर 10 डॉलर, नसाल तर 30. म्हणजे क्लबात या, कुऱ्हाड घेऊन ट्रेलवर पडलेली झाडं तोडायला मदत करा, पास स्वस्तात न्या. बाहेरच्यांना अर्थातच जास्त.

आम्ही विस्कॉन्सिनचा पास घेतला नाही. गाडी ट्रेलरवर असेपर्यंत कोणी काही विचारत नाही. शुल्क आहे ते ट्रेलवर चालवण्याचं. हर्ली आणि आयर्नवूड ही दोन गावं मॉन्ट्रियल नदीच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत. हर्ली विस्कॉन्सिनात, आयर्नवूड मिशिगनात. हर्लीत हॉटेल थोडं स्वस्त मिळत होतं, पण दारातून गाडी चालवत निघालो असतो तर नदीपर्यंतच्या तेवढ्याशा अंतरासाठी हंगामाचा पास लागला असता. आयर्नवूडला उतरलो. हॉटेल कुठल्या काठावर आहे ते बुकिंगआधी बघा.

आता त्या काउंटरकडे येतो.

गाडी मी उत्तरेकडच्या एका शेतकऱ्याकडून घेतली. माणूस सज्जन. इंजिन चालू करून दाखवलं, पट्टा दाखवला, कॉफी पाजली, नोंदणी कार्डाच्या मागे सही केली. कार्डावरचं नाव वेगळं होतं. "तो माझा मेहुणा. त्याच्याकडून मी घेतली, नावावर करायचं राहून गेलं." घरचाच मामला म्हणून मीही मान डोलावली.

मिनेसोटात हे काम करणारी लायसन्सची काउंटर गावोगावी आहेत. मी गेलो ते कुठलं हे लिहीत नाही, कारण तिथली माणसं वाईट नव्हती. वाईट नव्हती, पण प्रत्येकाचा नियम वेगळा होता. पहिल्या बाईंनी कार्ड उलटंपालटं केलं.

"ही सही कोणाची?"

"ज्यांनी गाडी विकली त्यांची."

"विकणाऱ्याची नको. मालकाची हवी."

"पण विकणारेच मालक होते."

"आमच्याकडे नाहीत."

यावर काय बोलणार? मेहुणे कुठे, तर ॲरिझोनात. मिनेसोटातले निवृत्त लोक थंडी सुरू झाली की दक्षिणेला जातात ते एप्रिलपर्यंत तोंड दाखवत नाहीत. त्यांचा नंबर शेतकऱ्याकडे, आणि शेतकरी लेक मिल लॅक्सवर, गोठलेल्या तळ्यावरच्या लाकडी खोपटात मासे धरायला बसलेला. फोन लागेना. लागला तेव्हा म्हणाला, मेहुण्याला ईमेल कळत नाही, पत्र पाठव. मी कार्ड पाकिटात घातलं, वर तिकीट लावलेलं परतीचं पाकीटही घातलं आणि वाट बघत बसलो. नाताळ आला. पोस्ट आपल्या गतीने चाललं होतं. बाहेर त्या वर्षीचा पहिला दमदार बर्फ पडला आणि कोल्हापूरकर रोज संध्याकाळी शेजारच्या ट्रेलवरून फोटो पाठवू लागला. मी त्याला म्यूट केलं.

पाकीट परत आलं. सही होती, सुंदर, जुन्या वळणाची. सोबत एक चिठ्ठीही, की ही गाडी मी माझ्या मेहुण्याला विकली. अगदी खरं. आणि तेच नडलं. या खेपेला काउंटरवर दुसरे गृहस्थ होते. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "यांनी गाडी त्यांना विकली. तुम्हाला कोणी विकली?" पहिल्या बाईंच्या मते मालकाची सही पुरेशी होती. यांच्या मते साखळी पूर्ण हवी: मालकाकडून शेतकऱ्याला एक विक्रीपत्र, शेतकऱ्याकडून मला दुसरं. मी म्हटलं, मागच्या वेळी असं कोणी सांगितलं नाही. ते म्हणाले, "मागच्या वेळी मी नव्हतो." बरोबरच होतं त्यांचं. कागद म्हणून विचार केला तर तेच योग्य होते, बाई नव्हेत. पण हे समजायला मला पार्किंगमध्ये गाडी गरम होईपर्यंतचा वेळ लागला, आणि तोवर मी मराठीत बरंच काही बोलून घेतलं होतं. पुण्यात आरटीओबाहेर निदान एजंट तरी असतो, आत काय मागतील ते तो आधी सांगतो. इथे आतलाच माणूस एकेक गोष्ट सांगणार, तीही तुम्ही त्याच्यासमोर उभे राहिल्यावर.

शेतकऱ्याकडून विक्रीपत्र आणायला मी स्वतः गेलो. पोस्टावर आता विश्वास नव्हता. त्याने पुन्हा कॉफी पाजली. बायकोने केकही दिला. राग धरता येईना.

पुन्हा काउंटर. पुन्हा त्याच बाई. सगळे कागद बघितले, मान हलवली, कीबोर्डवर बोटं चालवली आणि थांबल्या. कार्डावरच्या गाडीच्या सतरा अक्षरी क्रमांकात एका जागी 8 होता आणि शेतकऱ्याने विक्रीपत्रात, गाडी बघून, तिथे बी लिहिला होता. "यातलं खरं कोणतं?" माझ्या कपाळाची शीर तेव्हा दुकानभर दिसली असावी, कारण त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, गाडीवरच्या क्रमांकाचा फोटो आणा, मी दुरुस्ती करून देते. फोनमधला नको, छापलेला.

तर स्नोमोबिलवर हा क्रमांक कुठे असतो? माझ्या गाडीवर उजव्या अंगाला, पाय ठेवायच्या पट्टीच्या वर, टनेलच्या, म्हणजे पट्ट्यावरच्या झाकणाच्या, पत्र्यावर कोरलेला. तिथे तेल, ग्रीस आणि मागच्या मालकाच्या बुटांनी घासलेला रंग. गॅरेजमध्ये आडवा पडून, रॉकेलचा बोळा फिरवून, बॅटरी तिरकी धरून फोटो काढला. 8 च होता. म्हणजे कार्ड पहिल्यापासून बरोबर होतं, आणि आता खाडाखोड केलेल्या विक्रीपत्राच्या बाजूला शेतकऱ्याची छोटी सही हवी होती. हो, पुन्हा. तिसऱ्या कॉफीचं वर्णन करत नाही.

काम झालं त्या दिवशी बाईंनी शिक्का मारला आणि म्हणाल्या, "कुठे निघालात?" मी म्हटलं, कॉपर हार्बर. त्यांचा चेहरा उजळला. त्यांचं माहेर आमच्याच वाटेवरच्या हॅनकॉकचं निघालं. बर्गलँडला पेट्रोल भरून घ्या, म्हणाल्या. काउंटरवर मिळालेला हा सर्वांत कामाचा सल्ला.

तुम्ही जुनी गाडी घेत असाल तर पैसे काढण्याआधी कार्डावरचं नाव आणि समोरच्याचं लायसन्स ताडून बघा. जुळत नसेल तर मूळ मालक समोर येईपर्यंत पाकीट खिशातच राहू द्या. मेहुणा, मामा, चुलता, कोणीही असो. गाडीवरचा क्रमांक स्वतः वाचून विक्रीपत्रात स्वतः लिहा. आणि हे सगळं मे-जूनमध्ये करा, तेव्हा काउंटरवर बोटींचे लोक असतात, मासेमारीचे लोक असतात, पण विकणारा ॲरिझोनात नसतो.

सुरक्षेचं प्रमाणपत्र राहिलं. 31 डिसेंबर 1976 नंतर जन्मलेल्यांना मिनेसोटात ते लागतं. ऑनलाइन होतं, कंटाळवाणं आहे, करून टाका.

स्टिकर लावायचं मात्र गंमतीवारी नेऊ नका. मिशिगनचा स्टिकर गाडीच्या पुढच्या भागात, हेडलाइटच्या लगेच वर किंवा खाली, कायमचा चिकटवायचा असतो. शून्याखाली वीस अंशांत डिंक पकडत नाही. मी माझा हॉटेलच्या हेअर ड्रायरने जागा गरम करून लावला. कोल्हापूरकराने पार्किंगमध्येच दाबून बसवला आणि ट्विन लेक्सच्या आसपास तो उडून गेला. पुढे ट्रेलवर अधिकारी उभे होते. माझ्या हेडलाइटवर नजर टाकली, नोंदणीचा नंबर बघितला, जा म्हणाले. इतक्या खटाटोपाने मिळवलेलं कार्ड त्यांनी हातातही घेतलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं. कोल्हापूरकराकडे पावती होती म्हणून निभावलं, दुसरा स्टिकर घ्या असं बजावलं. त्याने हॅनकॉकमध्ये आणखी 52 डॉलर भरले. त्याचे फोटो मी तेव्हाच अनम्यूट केले.

घड्याळाचं विसरलोच. आयर्नवूड मध्य वेळेत आहे, मिनियापोलिससारखंच. बर्गलँडला पोचलात की पूर्व वेळ, एक तास पुढे. लहान गावातला पंप संध्याकाळी बंद होतो तो त्यांच्या घड्याळाप्रमाणे, तुमच्या नव्हे. मुक्कामाची वेळ आखताना हा तास धरा.

बाकी रस्ता सुरेख. मॅस सिटीपासून हॉटनपर्यंत जुन्या रेल्वेमार्गावरचा बिल निकोल्स ट्रेल, त्यात फायरस्टील नदीवरचे उंच लाकडी पूल. हॉटन ते हॅनकॉक कालवा ओलांडायला जो उचलता पूल आहे, त्याचा खालचा मजला हिवाळ्यात स्नोमोबिलसाठी असतो; वर मोटारी, खाली आपण. रात्री ग्रूमर फिरून ट्रेल सपाट करून ठेवतात, सकाळी लवकर निघालात तर गालिचा मिळतो, दुपारनंतर उंटाची पाठ. 52 डॉलर जातात ते याच कामाला. पुष्कळ ट्रेल खाजगी जमिनीतून गेलेत, मालकाने परवानगी दिली म्हणून. कोणीतरी मौजेखातर पाटी सोडून शेतात घुसला की पुढच्या वर्षी तो तुकडा बंद. मिशिगनचे ट्रेल 1 डिसेंबरला उघडतात ते कागदावर, बर्फ असो नसो. त्यामुळे हॉटेल घेताना रद्द करायची मुदत किती दिवस आधीची, ते विचारून घ्या. बर्फ नाही ही सबब सगळीकडे चालत नाही.

फेब्रुवारीत मिशिगनात एक शनिवार-रविवार परमिटशिवायही चालवू देतात. फुकट आहे म्हणून गर्दी उसळते आणि ट्रेलची दुपारपर्यंत चाळण होते.