ढवळ्याचा खरारा

मार्चमध्ये व्हरांड्यातला कूलर साफ करायला घेतला, ताट्या उपसल्या, तर मागच्या ताटीच्या बाहेरच्या अंगाला पांढुरक्या केसांची अख्खी गादी चिकटलेली. हवाच जात नव्हती आत, आणि आम्ही मागच्या उन्हाळाभर म्हणून राहिलो की मोटर कमजोर झाली. ढवळ्या त्या कूलरच्या मागंच झोपतो, तिथं पाणी ठिबकतं आणि फरशी गार असते म्हणून. ढवळ्या म्हणजे आमचा लॅब्रॅडॉर, ३८ किलो, फिक्कट पिवळा. नाव बाबांनी ठेवलं, काटोलकडच्या आमच्या शेतावर आजोबांचा बैल होता त्याचं.

लोकांना वाटतं लहान केसांचा कुत्रा म्हणजे काही करावं लागत नाही, केस लांब असले की गुंता होतो, ते ग्रूमिंग-बिमिंग त्यांच्यासाठी. मलाही तसंच वाटायचं, लॅब आणण्याचं ते एक कारणच होतं. पण लॅबच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचा राठ, जरासा तेलकट, त्यावरून पाणी घसरून जातं, आणि त्याच्या खाली मऊ दाट लव, तिला अंडरकोट म्हणतात. ही खालची लव वर्षातून दोनदा तरी धो धो गळते, आणि एरवीही थोडी थोडी गळतच असते. केस लहान आहेत म्हणून ते गुंतत नाहीत एवढंच, गळतात तेवढेच, उलट सोफ्यात आणि सतरंजीत सुईसारखे घुसून बसतात ते वेगळंच. रॉटवायलरलाही हे दोन थर असतात. डॉबरमन, बॉक्सर किंवा आपला मुधोळ हाऊंड यांना एकच पातळ थर असतो, त्यांचं गणित वेगळं, डिसेंबर-जानेवारीत नागपूरचा पारा दहाच्या खाली गेला की त्यांना खरंच थंडी वाजते, त्यांना स्वेटर घाला, कोणी हसलं तर हसू द्या.

आता ती गोष्ट सांगते जिचं मला अजून वाईट वाटतं. ढवळ्याचा पहिला उन्हाळा होता. नवतपा लागायचा होता, ऊन ४५ च्या वर गेलेलं, हा जीभ काढून दिवसभर धापा टाकत राहायचा आणि पाहवत नव्हतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "काऊन वं, एवढे केस ठेवले त्याच्या अंगावर, काढून टाक न, मोकळं वाटंल त्याले." मी एका ठिकाणी नेला, तिथं कोणी काही विचारलंही नाही, मशीन फिरवून अंग गुळगुळीत करून दिलं. मला वाटलं बरं झालं. चार दिवसांत पाठीवरची कातडी लालभडक, मग खपल्या. सकाळच्या फिरण्यातच भाजली होती ती, कारण केसच राहिले नव्हते ना वर. नंतर केस आले तर खालची लव आधी आली आणि वरचे राठ केस मागं राहिले, वर्षभर तो कुठं दाट कुठं विरळ असा चट्ट्यापट्ट्याचा दिसायचा.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते तेव्हाच डोक्यात बसलं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, घाम येतो तो पंजांच्या गादीला आणि तोही जरासा, बाकी बहुतेक उष्णता तो तोंडावाटे धापा टाकून काढतो. मग केस काढून गारवा कुठून येणार? आणि आपलंच बघा ना, मे महिन्यात नागपुरात कोण उघड्यानं बाहेर पडतं, डोक्याला-तोंडाला दुपट्टा गुंडाळूनच गाडीला किक मारतो आपण, कपडे काढून कोणी उन्हात जात नाही. त्याचे वरचे केस म्हणजे त्याचा दुपट्टा आहे. काढायची असते ती आतली मेलेली लव, कारण ती अडकून राहिली की हवा कातडीपर्यंत पोचत नाही, आमच्या कूलरच्या ताटीचं झालं तेच.

आणि ती काढायची कशी हे मला बाबांनी शिकवलं. मी आधी महागातलं स्टीलच्या दातांचं, गळणारे केस ओढून काढायचं अवजार आणलं होतं, रोज ओढायचे, केस भरभरून निघायचे म्हणून मला वाटायचं काय मस्त काम होऊन राहिलं. पण त्याच्या पात्यानं वरचे चांगले केसही तुटतात जास्त वापरलं तर, आणि कंबरेच्या हाडावर ओरखडे आले त्याला. बाबा दोन दिवस बघत होते, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आबा बैलाले असं खरडत नव्हते. खरारा करत होते. सण असो नसो, रोज. तू त्याले हात तरी लावते का वं रोज?" आबा म्हणजे माझे आजोबा, ते नारळाच्या काथ्याचा बोळा घेऊन बैल घासायचे, मानेपासून सुरू करून मागं मागं, आणि घासता घासता त्यांच्याशी बोलत राहायचे.

तर बाबांनी बाजारातून साधा रबरी ब्रश आणला, जाड बोटांसारखे दाते असलेला, हातात बसणारा. इंग्रजीत त्याला करी ब्रश म्हणतात, आणि ते नाव घोड्यांच्या खराऱ्यावरूनच आलंय, म्हणजे बाबांचा शब्द अगदी बरोबर होता. आधी गोल गोल फिरवायचा, मान, खांदे, बरगड्या, मांड्या, त्यानं खालची मेलेली लव सुटून वर येते. मग केसांच्या दिशेनं. पायाच्या नळ्या आणि कंबरेची हाडं, तिथं अगदी हलकं. शेवटी जुना सुती पंचा जरासा ओला करून, घट्ट पिळून, अंगावरून जोरात ओढायचा, सुटलेले केस पंच्याला येतात आणि कातडीचं नैसर्गिक तेल केसभर पसरतं. जी चमक लोक तेल चोपडून आणायला बघतात ती या पंच्यानं येते, खरंच येते. रोज दहा मिनिटं, गळतीच्या दिवसांत वीस. ते स्टीलचं अवजार आता फक्त जोरात गळती असते तेव्हा आठवड्यातून एकदा, पाच मिनिटं, बस.

एक सांगायचं राहिलं, निघालेले केस आम्ही कंपाउंडच्या भिंतीवर ठेवायचो, चिमण्या घरट्यासाठी नेतील म्हणून. आता नाही ठेवत. गोचिडाचं औषध मानेवर टाकलेलं असतं ना, ते केसांबरोबर घरट्यात जातं, पिल्लांच्या अंगाला लागतं.

गोचीड. यावर मी पानंच्या पानं लिहू शकते. नागपूरच्या उकाड्यात गोचिडाची चंगळ असते, आणि कुत्र्याच्या अंगावर जेवढे दिसतात त्याच्या कितीतरी पट भिंतीच्या भेगांत, पलंगाखाली, दाराच्या चौकटीत असतात, एक मादी हजारोंनी अंडी घालते. ढवळ्याला मागच्या वर्षी टिक फीवर, म्हणजे गोचिडातून होणारा ताप, झाला, जेवण सोडलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या, प्लेटलेट खाली गेल्या. ते पकडलं गेलं ते खराऱ्यामुळंच, बाबांच्या हाताला कानाच्या घडीत तीन फुगलेले गोचीड लागले आणि हा नेहमीसारखा लोळत नाही हे त्यांनाच कळलं. बघायच्या जागा पाठ करून टाका: कानाच्या आत आणि मागं, पट्ट्याच्या खाली, बगलेत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीच्या खाली. लहान केस असल्याचा खरा फायदा हा, की नुसता हात उलटा फिरवला तरी सगळं लागतं. निघेल तो गोचीड चिमट्यानं कातडीला टेकवून धरून सरळ वर ओढायचा. पिळायचा नाही, आणि त्यावर रॉकेल टाकणं, उदबत्तीचा चटका देणं, असलं काही नाही. आणि हात जोडून सांगते, खरजेवर जळालेलं इंजिन ऑइल लावू नका, आपल्याकडं अजून लावतात, मी दोन मोकाट कुत्रे तसे पाहिले, कुत्रं ते चाटतं आणि आतून मरतं. डॉक्टरांकडं वजनाप्रमाणं गोळ्या मिळतात, मानेवर टाकायचं औषध मिळतं. खर्च झेपत नसेल तर सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजचा दवाखाना आहे, तिथं विचारा. आणि घरात मांजर असेल तर कुत्र्याचं औषध तिला चुकूनही नको, परमेथ्रिन असलेलं औषध मांजरीला विष आहे.

आंघोळ आम्ही महिन्यातून एकदा घालतो, चिखलात लोळला तर मधे नुसत्या पाण्यानं. दर आठवड्याला शॅम्पू केला की कातडीचं तेल धुऊन जातं, कोंडा होतो, मग खाज, मग लोक म्हणतात अजून आंघोळ घाला. माणसाचा शॅम्पू नको, आपली कातडी आंबट बाजूची असते, कुत्र्याची जवळजवळ न्यूट्रल, आणि वरचा थर आपल्यापेक्षा बराच पातळ. आणि आंघोळीच्या आधी खरारा झालाच पाहिजे, नाहीतर मेलेली लव ओली होऊन कातडीवर लिंपल्यासारखी बसते. शॅम्पू थेट ओतू नका, मगभर पाण्यात फेटून घ्या, कारण लॅबच्या वरच्या केसांवरून सगळं घसरतं, बोटांनी पार कातडीपर्यंत न्यावं लागतं. आणि धुताना, तुम्हाला वाटतं निघालं, त्याच्यापुढं अजून दोन बादल्या. पोटाखाली आणि बगलेत शॅम्पू राहतो नेहमी. नागपूरकरांसाठी खास: मे महिन्यात दुपारी टाकीचं पाणी अंगावर घालू नका, भाजतं ते, पहाटे बादल्या भरून ठेवा. आणि थंडीत उलट, दुपारी बाराच्या उन्हात.

पण उन्हाळ्यापेक्षा मला पावसाळ्याची भीती वाटते. अंडरकोट एकदा ओला झाला की वरून कोरडा दिसतो आणि आत ओलच राहते, आणि ऑगस्टमधली दमट हवा. सकाळी मांडीवर रुपयाएवढा ओला लाल डाग दिसला, हा चाटत बसला, संध्याकाळपर्यंत तळहाताएवढं झालं आणि वास सुटला. हॉट स्पॉट म्हणतात त्याला. डॉक्टरांनी आजूबाजूचे केस कापले, जंतुनाशकानं धुतलं, चाटता येऊ नये म्हणून गळ्यात कोन घातला, दहा दिवस गेले. तेव्हापासून फुटाळा तलावावरून भिजून आलो की आधी जुन्या सुती साडीनं टिपायचं, मग दुसऱ्या कोरड्या कपड्यानं केसांच्या उलट दिशेनं घासायचं, मग टेबलफॅनसमोर बसवायचं, हात आत घालून कातडी कोरडी लागेपर्यंत. कानही टिपायचे. लॅबचे कान झाकलेले, आत ओल राहते आणि यीस्ट वाढतं, आंबलेल्या पिठासारखा वास आला की समजा. कानात काडी घालायची नाही, मळ अजून आत जातो, डॉक्टरांनी दिलेलं औषध टाकून कानाच्या मुळाशी चोळायचं आणि त्याला मान झटकू द्यायची.

नखं मी कापते. फरशीवर चालताना टकटक आवाज आला की वाढली समजायचं. काळी नखं असली तर आतली रक्ताची नस दिसत नाही म्हणून टोक टोक कापायची, कापलेल्या जागी मधोमध काळा ठिपका दिसला की थांबायचं. रक्त आलंच तर कॉर्नफ्लोअर दाबून धरायचं.

आणि हे सगळं करूनही केस निस्तेजच राहिले, दोन्ही बाजूंनी सारखेच विरळ होत गेले, कुत्रा सुस्त आणि जाड होत चालला, तर ब्रश ठेवा बाजूला आणि थायरॉइडची रक्ततपासणी करा. थायरॉइड कमी पडणं लॅब्रॅडॉरमध्ये, डॉबरमनमध्ये आढळतं. आमच्या मागच्या गल्लीतल्या डॉबरमनला चार शॅम्पू बदलून झाल्यावर हे निघालं, आता रोज गोळी खातो आणि काळा कुळकुळीत दिसतो, बघून इतकं बरं वाटतं.

राहिले कोपर. मोठ्या वजनाच्या कुत्र्याचे कोपर कडक फरशीवर घासून घासून काळे, खरबरीत, बिनकेसांचे होतात, कधी भेगा पडतात, कधी पाणी भरून गाठ येते. यावर औषधापेक्षा मऊ अंथरूण मोठं. आम्ही कूलरच्या मागं जुनी कापसाची गादी टाकली, त्यानं ती चार दिवस ओढून बाजूला केली, पाचव्या दिवशी झोपला. आणि रात्री खोबरेल तेल, दोनच थेंब, जिरेपर्यंत चोळून, नाहीतर चाटून टाकतो.

मागच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बाबा असेच तेलाची वाटी घेऊन व्हरांड्यात बसले होते. गावी त्या दिवशी खांदशेकणी असायची, जू ओढून घट्टे पडलेल्या बैलांच्या खांद्यांना आबा तूप-हळद चोळायचे. शेत विकून आता बारा वर्षं झाली. ढवळ्या आडवा पडलेला, बाबा त्याचा कोपर मांडीवर घेऊन अंगठ्यानं तेल जिरवून राहिले होते, आणि आबा बैलांच्या कानाशी म्हणायचे तेच हळूच म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी पुरणात जायफळ होतं आणि ते कुत्र्याला चालत नाही, म्हणून आईनं त्याच्यासाठी वेगळा बिनमिठाचा भात आणि दोन उकडलेली अंडी केली, आणि पितळेच्या ताटात वाढली.