सूचनेच्या फॉर्मवर सही व्हायला 11 आठवडे लागले

तो फॉर्म अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. दोन पानं, पाच सह्यांचे रकाने आणि वर मोठ्या अक्षरांत ‘सुधारणा सूचना’. साइटवर सतत सुधारणेची सवय लावायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा हा फॉर्म मीच तयार केला होता. म्हणून पुढे जे झालं त्याचा राग मला जरा जास्तच आहे.

मी एका बांधकाम कंपनीत गुणवत्ता विभाग सांभाळते. आमच्याकडे आयएसओ 9001, म्हणजे गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं प्रमाणपत्र आहे. त्या मानकाच्या 2015 च्या आवृत्तीत 10.3 हे कलम सतत सुधारणेबद्दल आहे आणि ऑडिटर दरवेळी त्याचा पुरावा मागतो. तो दाखवता यावा म्हणून कंपनीनं सूचना पेट्या लावायचं ठरवलं. मला मात्र ते मनापासून करायचं होतं. टोयोटानं कामगारांच्या सूचनांची पद्धत 1951 मध्ये सुरू केली आणि ती अजून चालू आहे. कारखान्यात जमतं ते साइटवर का जमू नये, असं मला वाटत होतं. साइटवर माणसं बदलतात, जागा बदलते, प्रत्येक इमारत वेगळी, हे सगळं खरं आहे. पण चुका? त्या मजल्यामागून मजला तशाच होतात.

सुरुवात सोपी गेली. पेटी लावली, सकाळच्या टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे काम सुरू होण्याआधीच्या छोट्या बैठकीत, पाच मिनिटं मागून घेतली, सगळ्यांना समजावलं. पहिल्या महिन्यात 23 सूचना आल्या. त्यातल्या बऱ्याच तोंडीच होत्या. कामगारांना लिहायला लावू नका, हे मी तेव्हाच शिकले. तो बोलतो तेव्हा तुम्ही लिहून घ्या, त्याच्या मोबाइलवरचा फोटो घ्या, एवढं पुरतं.

या 23 मधली एक सूचना एका प्लंबरची होती. टॉयलेटच्या स्लॅबमध्ये पाइपसाठी भोक राहावं म्हणून स्लीव्ह, म्हणजे नळीचे तुकडे, ठेवतात. आमच्याकडे त्या शटरिंगवर, म्हणजे काँक्रीटखालच्या तात्पुरत्या फळ्यांवर, खिळे मारून आणि बाइंडिंग वायरनं बांधून ठेवत. काँक्रीट ओतताना माणसं त्यावरून चालतात, व्हायब्रेटरची नीडल लागते आणि स्लीव्ह चाळीस-पन्नास मिलिमीटर सरकते. शटरिंग उघडल्यावर कळतं की पाइप बसत नाही. मग कोअर कटिंग, म्हणजे तयार स्लॅबमध्ये मशीननं नवं भोक पाडणं. त्यात कधी सळई कापली जाते. नव्या भोकाभोवती भरलेला माल नीट धरत नाही, पाणी भरून चाचणी घेतली की खालच्या छताला ओल दिसते आणि वॉटरप्रूफिंगवाल्याला पुन्हा बोलवावं लागतं. प्लंबरचं म्हणणं असं : प्लायच्या तुकड्यातून एका टॉयलेटचा साचा कापायचा, सगळ्या स्लीव्हच्या जागा त्यावर. साचा ठेवून शटरिंगवर खुणा करायच्या, प्रत्येक खुणेवर प्लायची गोल चकती ठोकायची आणि स्लीव्ह त्या चकतीवर घट्ट बसवायची. मग ती सरकायचं कारणच उरत नाही. सामान म्हणजे साइटवर पडलेले प्लायचे तुकडे आणि सुताराचा अर्धा दिवस.

मी फॉर्म भरून मुख्य कार्यालयात पाठवला.

तो आठव्या दिवशी परत आला, ‘अंदाजे बचत’ हा रकाना रिकामा होता म्हणून. मी हिशोब करायला बसले आणि तो लागेचना. कोअर कटिंगचं बिल एका खात्यात, वॉटरप्रूफिंगची दुरुस्ती दुसऱ्या खात्यात, प्लंबरचे वाया गेलेले तास कुठेच नाहीत. शिवाय कोअर कटिंग करणाऱ्या एजन्सीला प्रत्येक भोकाचे पैसे मिळत होते. म्हणजे ती चूक कुणाच्याच अंगावर पडत नव्हती, उलट एकाला तिच्यातून काम मिळत होतं. हे कळलं तेव्हा मी हादरले. पुढचे नऊ दिवस मी जुनी बिलं काढून आकडा तयार केला.

फॉर्म पुन्हा गेला. आता खरेदी विभागानं साच्याच्या सामानासाठी तीन कोटेशनं मागितली. टाकाऊ प्लायसाठी! ते फोनवर मिटवलं. मग डिझाइन विभागानं विचारलं, स्लीव्हची जागा बदलते आहे का, स्ट्रक्चरल कन्सल्टंटचं पत्र आहे का? हा प्रश्न रास्त होता. स्लीव्ह बीममध्ये घुसली किंवा तिच्यासाठी कुणी मुख्य सळया हलवल्या तर ते धोक्याचं आहे, आणि अशा बाबतीत साइटनं स्वतःच्या मनानं काही करूच नये. पण आमचा साचा मंजूर ड्रॉइंगवरूनच कापायचा होता, जागा तसूभर बदलत नव्हती. कन्सल्टंटनं दोन ओळींत तसं लिहून दिलं. त्या दोन ओळींना तीन आठवडे लागले, कारण आमचा मेल रजेवर असलेल्या माणसाकडे गेला होता. शेवटी सूचना समिती. ती महिन्यातून एकदा बसायची. आमचा फॉर्म बैठकीच्या दुसऱ्या दिवशी पोचला.

या 11 आठवड्यांत आम्ही सात स्लॅब भरले. सातही मजल्यांवर त्याच टॉयलेटांमध्ये कोअर कटिंग झालं.

पहिले पंधरा दिवस तो प्लंबर मला रोज विचारायचा, “मॅडम, आपल्या कागदाचं काय झालं?” मी म्हणायचे, पाठवलाय, येईल. मग तो आठवड्यातून एकदा विचारू लागला. मग त्यानं विचारणं सोडलं. तिसऱ्या महिन्यात पेटीत दोन चिठ्ठ्या होत्या, त्यातली एक पिण्याच्या पाण्याच्या टाकीबद्दलची तक्रार. सेंट्रिंगच्या, म्हणजे शटरिंग लावणाऱ्या टोळीच्या मुकादमाला मी विचारलं, तुमच्या लोकांकडून काहीच का येत नाही? तो म्हणाला, “सांगून काय होतं, मॅडम? त्यानं सांगितलं ना, अजून कोअर मारताहेत.”

साचा मी स्वतःच्या जबाबदारीवर दुसऱ्याच स्लॅबला वापरायला हवा होता. ड्रॉइंग हातात होतं, सुतार तयार होता. पण पद्धत माझी, मग मीच ती कशी मोडायची, या विचारात मी अडकले. तुमच्यावर अशी वेळ आली तर अडकू नका.

शेवटी मी सात मजल्यांच्या कोअर कटिंगचे फोटो एका कागदावर ओळीनं चिकटवले, प्रत्येकाखाली स्लॅबची तारीख टाकली आणि त्याच तारखांना फॉर्म कुठल्या टेबलावर होता ते शेजारी लिहिलं. तो कागद घेऊन थेट संचालकांकडे गेले. त्यांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, “यातलं किती साइटवरच ठरवता आलं असतं?” मी म्हटलं, “सगळं, सर.”

त्याच दिवशी नियम बदलला. ज्यात ड्रॉइंग, स्ट्रक्चर, सुरक्षितता किंवा मंजूर साहित्य बदलत नाही, ते साइट इनचार्जनं 3 दिवसांत ठरवायचं, एका सहीवर. बाकीच्या सूचनांना 7 दिवसांत उत्तर द्यायचं. नकार असेल तर कारणासकट, आणि तो ज्यानं सुचवलं त्याला समोर सांगायचा. बचतीचा रकाना मी स्वतः खोडला. साचा आठव्या स्लॅबला लागला. शटरिंग उघडलं तेव्हा मी आणि प्लंबर दोघं टेप घेऊन उभे होतो. 32 पैकी 32 स्लीव्ह जागेवर. मला भरून आलं होतं.

पुढचं भराभर झालं. आठवड्याच्या बैठकीत आम्ही पीपीसी मोजायला लागलो, म्हणजे ठरवलेल्या कामांपैकी किती पूर्ण झाली त्याची टक्केवारी. ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांच्या ‘लास्ट प्लॅनर’ या बांधकाम नियोजनाच्या पद्धतीतला हा आकडा. आठवड्यात काय पूर्ण होईल याचं वचन मात्र काम करणाऱ्या मुकादमानंच द्यायचं, इंजिनीअरनं त्याच्या वतीनं नाही. पहिल्या आठवड्यात आमची निम्मी कामंही पूर्ण झाली नव्हती आणि प्लॅनिंगवाले त्यावर मुकादमांना झापायला निघाले. मी ते थांबवलं. आकड्यावरून एकदा शिव्या बसल्या की पुढच्या आठवड्यापासून लोक सोपी कामंच कबूल करतात. फळ्यावर काम का राहिलं ते लिहा : सळई आली नाही, ड्रॉइंग आलं नाही, आधीच्या टोळीनं जागा मोकळी केली नाही. माणसाचं नाव लिहू नका.

नाव लिहायचं ते सूचनेखाली, तेही त्याला विचारून. आमच्या प्लंबरनं आधी नको म्हटलं, मग फोटो काढून घरी पाठवला.

बक्षिसाबद्दल बरेच जण विचारतात. आम्ही पैशांचं बक्षीस ठेवलेलं नाही. उत्तर वेळेत मिळतं हे दिसल्यावर चिठ्ठ्या आपोआप वाढल्या, मागच्या महिन्यात 19 होत्या. आणि एक राहिलं : टोळी दुसऱ्या साइटवर गेली की सुधारणाही तिच्याबरोबर निघून जाते. म्हणून साचा आता स्लॅब भरण्याआधीच्या चेकलिस्टमध्ये एक ओळ आहे. त्या ओळीवर सही नसेल तर पोअर कार्ड, म्हणजे काँक्रीट ओतायची परवानगी, मिळत नाही.

7 दिवसांचा नियम अजून दरवेळी पाळला जात नाही. काल एका फिटरच्या सूचनेला नववा दिवस होता. मी सकाळी डिझाइन विभागात फोन केला, दुपारी पुन्हा केला. संध्याकाळी उत्तर आलं. नकार होता, कारणासकट. ते कारण त्याला समजावून सांगायला मी सहाव्या मजल्यावर गेले.